मोटारीच्या पोटातली वीज : निपाणी ते कणकुंबी, पाच दिवस

फोर्डच्या एफ-१५० पिकअपचा हायब्रीड अवतार अमेरिकेत २०२१ च्या मॉडेलपासून विकला जातो. त्याच्या हौद्यातच विजेची सॉकेटं असतात. मूळ गाडीबरोबर २.४ किलोवॅट, जादा पैसे मोजले तर ७.२ किलोवॅट. बांधकामावर ड्रिल आणि कटर चालवायला केलेली ही सोय तिकडच्या कॅराव्हॅनवाल्यांनी लगेच उचलली, कारण वेगळा जनरेटर बाळगायची कटकटच संपली. गाडीतली हायब्रीड बॅटरी जेमतेम दीड युनिटाची. ती उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, बॅटरी भरतं आणि पुन्हा गप्प बसतं. वीज मात्र तिकडची, १२०/२४० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ.

आपल्याकडे ती गाडी मिळत नाही. मिळतात त्या व्हीटूएलवाल्या इलेक्ट्रिक मोटारी, म्हणजे ज्यांच्या चार्जिंगच्या तोंडातूनच उलट २३० व्होल्ट बाहेर काढता येतात. बहुतेक मोटारींत ही मर्यादा ३.३ ते ३.६ किलोवॅटच्या आसपास असते. फरक मोठा आहे तो एकच. त्यांची टाकी पंपावर पाच मिनिटांत भरते. आपली चार्जरवर तासाभरात, आणि त्याच टाकीवर परतही यायचं असतं. त्यामुळे ‘किती वॅट मिळतात’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘उद्या किती किलोमीटर जायचंय’ हा.

या दौऱ्याचा संच असा : ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली डिझेल कॅराव्हॅन आणि सोबत ४५ युनिटांच्या बॅटरीची व्हीटूएल मोटार, कमाल ३.३ केव्हीए. कॅराव्हॅनमध्ये एक टनाचा इन्व्हर्टर एसी, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, इंडक्शन शेगडी, पाण्याचा छोटा पंप, १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी (म्हणजे अडीच युनिट), तिला भरणारा ३० अँपिअरचा चार्जर आणि छतावर ४०० वॉटची सोलर पॅनेलं. गिझर मुद्दाम काढून टाकलेला. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर एकटाच ३ किलोवॅट खातो. तो चालू केला की बाकी सगळं बंद ठेवावं लागतं. आंघोळीच्या पाण्याला गॅस बरा.

महिना एप्रिल. एसीची खरी परीक्षा तेव्हाच होते, आणि बेळगाव भागात वळीवही तेव्हाच येतो.

दिवस पहिला : निपाणी, संकेश्वर, हिडकल

कोल्हापूरहून मोटार शंभर टक्के भरून निघायचं. निपाणीची तंबाखूची गोदामं मागे टाकून संकेश्वरला हमरस्ता सोडला की उजव्या-डाव्या हाताला ऊसच ऊस. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाजवळ पोचेपर्यंत साधारण ८५ किलोमीटर होतात आणि मोटारीत ७१ टक्के उरतात. मुक्काम धरणापासून थोडा लांब, एका मळ्यात, मालकांना विचारून. धरणाच्या भिंतीजवळ गाड्या लावून राहू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

जोडणीचा क्रम इथे एकदा नीट सांगतो. पुढचे चार दिवस तोच. आधी कॅराव्हॅनचा मुख्य एमसीबी (जादा करंटला पडणारा खटका) बंद. मग केबलचं एक टोक कॅराव्हॅनच्या इनलेटात : निळा, तीन पिनांचा, १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग. दुसरं टोक व्हीटूएलच्या अडॅप्टरमध्ये, आणि सगळ्यात शेवटी अडॅप्टर मोटारीच्या तोंडात. मोटारीच्या पडद्यावर व्हीटूएल सुरू करताना ‘इतक्या टक्क्यांवर थांब’ ही मर्यादा आधी घालायची. मग मल्टीमीटर. फेज-न्यूट्रल २२८ ते २३२ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ दिसले तरच मुख्य एमसीबी वर, आणि एकेक लोड, मध्ये दहा-पंधरा सेकंद सोडून. काढताना बरोब्बर उलट. लोड चालू असताना प्लग ओढला की पिनेवर ठिणगी उडते, पिन काळी पडते, काळी पिन तापते, आणि तापलेली पिन प्लगचं प्लॅस्टिक वितळवते. जळालेले प्लग बहुतेक वेळा जादा लोडने जळालेले नसतात, या घाईने जळालेले असतात.

केबल तीन कोअर, अडीच स्क्वेअर एमएम, तांब्याची, लवचिक, १५ मीटर. बाजारात ‘हेवी ड्यूटी’ म्हणून मिळणारी पिवळी एक्स्टेंशन बहुधा एक स्क्वेअर एमएमची निघते. हिशेब सोपा आहे. अडीचच्या १५ मीटर केबलचा जाण्या-येण्याचा रोध साधारण ०.२४ ओहम, १३ अँपिअरला ३ व्होल्ट पडतात आणि केबलमध्ये ४० वॉट जळतात. एक स्क्वेअरला हेच साडेसात व्होल्ट आणि जवळपास १०० वॉट. शंभर वॉट १५ मीटरवर पसरले तर केबल कोमट लागते. तीच केबल रिळावर गुंडाळलेली ठेवली तर ते सगळे वॉट एका भाताच्या डब्याएवढ्या जागेत साठतात आणि आतले वेढे एकमेकांना चिकटतात. म्हणून केबल नेहमी पूर्ण उलगडायची, उरलेली सैल वेढ्यांत जमिनीवर. उसाच्या मळ्यात मात्र जमिनीवरही नको. उंदरांना पीव्हीसी आवडतं. कॅराव्हॅनच्या आरशाला आणि मोटारीच्या दाराला अडकवून अधांतरी न्यावी.

संध्याकाळी शेजारच्या मळ्यातले काका टॉर्च घेऊन बघायला येतात.

“पावणं, गाडीतनंच करंट काढालाय काय? मग आमच्या पंपाला बी द्या की! रात्रीचीच लाईट असतीया आमाला.”

“काका, तुमची मोटर थ्री फेज. ही सिंगल फेज देती. आणि पाच हॉर्सची सुरू होताना जेवढं खेचती, तेवढं हिच्यात न्हाईच.”

पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३.७ किलोवॅट चालताना. थेट सुरू होताना याच्या पाच-सहापट करंट क्षणभर लागतो. हाच नियम जुन्या पद्धतीच्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीलाही लागू आहे. एक टनाचा जुना एसी चालताना पाच-साडेपाच अँपिअर घेतो, पण कॉम्प्रेसर उठताना पंचवीस-तीसकडे जातो, आणि मोटारीचं व्हीटूएल तत्काळ मान टाकतं. इन्व्हर्टर एसी दोन अँपिअरपासून हळूहळू चढतो. कॅराव्हॅनमध्ये इन्व्हर्टर नसलेला एसी घेऊच नये.

रात्रीचा हिशेब मीटरवरून : एसी पहिली चाळीस मिनिटं १.१ किलोवॅटवर, नंतर २६ अंशांवर सरासरी ५०० वॉट. आठ तासांत ४.४ युनिट. लिथियम बॅटरी भरायला दीड युनिट. फ्रिज रात्रीपुरता पाव युनिट. स्वयंपाक सहा-सात दशांश. याखेरीज एक खर्च कुणी धरत नाही : मोटार जागी राहण्याचा. इन्व्हर्टर, पंखे, कॉम्प्युटर मिळून या मोटारीत तो तासाला ०.१५ ते ०.२ युनिट होता, लोड असो वा नसो. एवढं सगळं मिळून आठ युनिट, म्हणजे १८ टक्के. रस्त्याच्या भाषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सकाळी मोटारीत ५३ टक्के.

दिवस दुसरा : गोकाक

गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा. पावसाळ्यात घोड्याच्या नालेच्या आकारात लाल पाणी कोसळतं. एप्रिलमध्ये काळ्या कड्यावरून दोन-चार धारा. याच पाण्याच्या जोरावर १८८७ च्या सुमारास इथली सूतगिरणी फिरू लागली. गिरणीवाल्यांना बाराही महिने पाण्याची चिंता होती. कॅराव्हॅनवाल्याला टक्क्यांची असते. करदंट (इथली सुकामेव्याची मिठाई) विकत घ्या, त्याला फ्रिज लागत नाही.

हिडकलहून इथे येईपर्यंत ४३ टक्के. बाहेर ३९ अंश. आता सगळ्यांना सुचतं ते असं : दुपारभर एसी लावू आणि मोटार त्याच वेळी चार्जिंगला लावू. हे होत नाही. चार्जिंगचं तोंड आणि व्हीटूएलचं तोंड एकच. मोटार वीज घेत असते तेव्हा देऊ शकत नाही. पेट्रोल-हायब्रीड पिकअप आणि ही मोटार यांतला सगळ्यात बोचणारा फरक हाच. म्हणून दुपारी अकरा ते पाच मोटार एका लॉजच्या आवारात १६ अँपिअरच्या सॉकेटवर, युनिटामागे ठरवून पैसे देऊन. या वेगाने तासाला पावणेतीन युनिट बॅटरीत जातात. सहा तासांत साडेसोळा. ८० टक्के. कॅराव्हॅन तोवर चिंचेच्या सावलीत, १२ व्होल्टच्या दोन पंख्यांवर आणि सोलरवर. पण सावलीत सोलर चालत नाही! ४०० वॉटच्या पॅनेलांतून चिंचेखाली ४० वॉटही निघाले नाहीत. सावली की वीज, दोन्ही एकदम मिळत नाहीत. एक पॅनेल सुटं ठेवून वायरीने उन्हात टाकता येतं, तेवढाच मार्ग.

संध्याकाळी सात. एसी चालू, चार्जर चालू, आणि कुणीतरी पोळ्यांचा तवा इंडक्शनवर ठेवून आकडा १८०० केला. अंधार.

बेरीज बघा : ११०० आणि ४५० आणि १८००, झाले ३३५०. वरकरणी थोडकंच ओलांडलं. पण मर्यादा ३.३ केव्हीएची आहे, किलोवॅटची नाही. स्वस्तातला बॅटरी चार्जर पॉवर फॅक्टरमध्ये (ओढलेल्या व्हीएपैकी खरे वॉट किती, यात) कच्चा असतो, ०.६५ च्या आसपास. त्याचे ४५० वॉट मोटारीला ७०० व्हीए पडतात. म्हणजे खरी मागणी साडेतीन केव्हीएच्या वर होती. व्हीटूएल एमसीबीसारखं ‘थोडं सहन करून’ पडत नाही; काही सेकंदांत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बंद होतं, आणि नुसता खटका वर करून परत येत नाही. परत आणायचं तर कॅराव्हॅनचा मुख्य एमसीबी खाली, अडॅप्टर बाहेर, मोटार लॉक करून दोन-तीन मिनिटं झोपू द्यायची, मग पुन्हा पहिल्यापासून क्रम. घाईघाईने तीनदा अडॅप्टर काढून घालणाऱ्याला तीनदा तोच संदेश दिसतो, कारण मोटार मधल्या वेळात झोपलेलीच नसते.

यावरचा उपाय वायरिंगमध्येच करून ठेवावा. चार्जरमध्ये करंट कमी करण्याची सोय असेल तर तो १० अँपिअरवर. इंडक्शनचं सॉकेट आणि चार्जर एकाच टू-वे स्विचवर, म्हणजे एक चालू असताना दुसरा चालूच होऊ शकत नाही. शंभर-दीडशे रुपयांच्या स्विचने रोजचं भांडण मिटतं. (स्विच १६ अँपिअरचाच, ६ अँपिअरचा पंख्याचा नव्हे.)

इंडक्शनची आणखी एक खोड. आकडा ४०० वर ठेवला म्हणजे ती ४०० वॉट घेते असं नाही. स्वस्त शेगड्या १००० च्या खाली गेल्या की मारून-मुटकून सरासरी काढतात : मीटरवर ११५०, शून्य, ११५०, शून्य. दूध मंद आचेवर ठेवून ‘आता जागा आहे’ म्हणत एसी १८ अंशांवर ओढला तर तो ११५० चा ठोका नेमका वर येऊन बसतो. बेरीज नेहमी ठोक्याची धरावी, सरासरीची नाही.

गोकाकची रात्र तापलेली. एसी रात्रभर ८०० च्या खाली उतरला नाही. अकरा युनिट, २४ टक्के. सकाळी ५६.

दिवस तिसरा : बेळगाव, येळ्ळूर

सकाळी लवकर निघून बेळगाव. पोचताना ३४ टक्के, आणि शहरात फास्ट चार्जरवर तासाभरात ९०. तेवढ्या वेळात किल्ल्यातली कमलबस्ती बघून होते. रट्टांच्या काळातलं जैन मंदिर, छतात दगडाचं उमललेलं कमळ. कुंदा बांधून घ्या. दोन दिवस सहज टिकतो.

कॅराव्हॅन दुपारी एका हॉटेलच्या आवारात बाहेरच्या सॉकेटवर लावली होती, आणि आजचा सगळा मुद्दा त्या सॉकेटातल्या अर्थिंगचा आहे. दौऱ्यातला हा भाग दोनदा वाचावा, इथे जीव जाऊ शकतो.

मोटारीच्या व्हीटूएलमधून येणारी वीज ‘तरंगती’ असते. घरात न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. इथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही कशालाच जोडलेले नसतात. टेस्टर लावला तर अनेकदा दोन्ही भोकांत दिवा मिणमिणतो, मल्टीमीटर दोन्हीकडे अर्थशी (जमिनीच्या तारेशी) १००-११५ व्होल्ट दाखवतो. वायरमनला वाटतं न्यूट्रल तुटलाय. तुटलेला नसतो. पण परिणाम असा की केबलच्या अडॅप्टरकडच्या टोकाला बसवलेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा खटका) आंधळा होतो. फ्रिजच्या पत्र्याला फेज लागला तरी करंटला मोटारीकडे परत जायला अर्थमधून वाटच नसते, गळती होत नाही, ट्रिप होत नाही. पहिला दोष कुणालाच कळत नाही. दुसऱ्या दोषाला माणूस मधे असतो.

आणि यात फसवी गोष्ट म्हणजे आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण. ते दाबलं की तरंगत्या विजेवरही खट्‌कन ट्रिप होतो, आणि लोक निश्चिंत होतात. ते बटण अर्थ तपासतच नाही. ते आतल्या आत एका रेझिस्टरमधून फेज आणि न्यूट्रल यांच्यात वळसा देतं. त्यातून यंत्र जिवंत आहे एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते नाही. ते बघायला सॉकेटात खोचायचा आरसीडी टेस्टर लागतो, जो खरोखर फेजमधून अर्थमध्ये ३० मिलिअँपिअर सोडतो.

उपाय : उगमापाशी, म्हणजे अडॅप्टरनंतर लगेच आणि आरसीसीबीच्या आधी, न्यूट्रल आणि अर्थ एकदाच जोडायचे. अमेरिकेतल्या ७.२ किलोवॅटवाल्या एफ-१५० मध्ये न्यूट्रल मुळातच सांगाड्याला जोडलेला असतो, त्यामुळे तिकडे हा प्रश्न येत नाही. छोट्या सुटकेस-जनरेटरांना मात्र तिथेही येतो, आणि तिथले लोक हाच जोड-प्लग करतात. एक तीन पिनांचा प्लग टॉप घ्यायचा, त्यात फेजची पिन रिकामी, न्यूट्रल आणि अर्थ दीड किंवा अडीच स्क्वेअरच्या वायरच्या तुकड्याने जोडलेले. तो अडॅप्टरच्या एक्स्टेंशन बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटात बसतो. आता फेज पत्र्याला लागला की करंट अर्थच्या तारेने मोटारीकडे परततो आणि आरसीसीबी ट्रिप होतो. जमिनीत रॉड ठोकायची यासाठी गरज नाही. नुसता रॉड ठोकून, जोड न लावता, काहीच साधत नाही.

दोन सावधगिऱ्या. काही मोटारींची व्हीटूएल यंत्रणा स्वतःच गळतीवर नजर ठेवते. जोड लावला की ती वीज देणंच थांबवते. मोटारीचं माहितीपुस्तक आधी वाचावं, आणि नकार असेल तर जबरदस्ती करू नये. अशा वेळी कॅराव्हॅनमध्ये ३.३ केव्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून जोड त्याच्या दुसऱ्या बाजूला द्यायचा. वजन पंचवीस-तीस किलो, पण पक्का इलाज.

दुसरी त्याहून मोठी. हा जोड-प्लग घराच्या, हॉटेलच्या, कुठल्याही बाहेरच्या सॉकेटात कधीही जाता कामा नये. आपल्याकडे फेज-न्यूट्रल उलटे जोडलेली सॉकेटं पैशाला पासरी. तशा सॉकेटात हा प्लग म्हणजे फेज थेट अर्थला. नशीब चांगलं असेल तर मोठा आवाज होऊन फ्यूज जातो, आणि अर्थ आधीच तुटलेला असेल तर आवाजही होत नाही, अख्खी कॅराव्हॅन फेजवर येते. म्हणून तो लाल रंगवून, अडॅप्टरला साखळीने बांधून ठेवावा. हिरव्या वायरमन-टेपने नव्हे. ती उन्हात सुटते.

हॉटेलच्या त्या सॉकेटात अर्थ नव्हताच. टेस्टरचे दोन दिवे पेटायला हवे होते, एकच पेटला. तीन भोकं दिसतात म्हणून तीन तारा असतील असं नाही. तिथली वीज सोडून दिली आणि मुक्काम येळ्ळूरकडे हलवला. राजहंसगडाच्या पायथ्याशी, माळावर, गावात विचारून. मोटारीत ८७ टक्के, मर्यादा ४५ वर.

साडेपाचला पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. वळीव. पहिल्या दहा मिनिटांत वारा आणि माती, मग गारा, मग पाणी. सव्वासहाला आरसीसीबी ट्रिप. एसी बंद, शेगडी बंद, सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर केला तरी ट्रिप. म्हणजे दोष कॅराव्हॅनच्या वायरिंगमध्ये नाही, त्याच्या आधी किंवा इनलेटात. इनलेटाचं निळं झाकण वर केलं तर आत चहाच्या बशीएवढं पाणी. प्लग आयपी४४ चा होता, म्हणजे उडणारं पाणी चालतं, वाऱ्याने आडवा मारलेला पाऊस नाही. शिवाय केबल इनलेटात वरून येत होती. तिच्यावरून ओघळलेलं पाणी थेट प्लगात उतरलं. जोड-प्लग नसता तर हेच पाणी आरसीसीबीला दिसलंच नसतं, आणि ओल्या पायाने दार उघडणाऱ्याला दिसलं असतं.

दुरुस्ती सोपी. मोटारीकडून अडॅप्टर काढून, सुती फडक्याने पिना पुसून, कॅराव्हॅनच्या १२ व्होल्टच्या पंख्यासमोर वीस मिनिटं धरून कोरडं करायचं. ओल्यावर फवारे मारू नयेत. परत लावताना केबलला इनलेटाच्या खाली वीतभर झोळ द्यायचा, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी गळून पडतो. सांध्यावर बादली उपडी, खाली दोन विटा. पुढच्या वेळी आयपी६७ चा, फिरवून बसणारा प्लग. मोटारीकडचं तोंड पावसात कसं ठेवायचं तेही पुस्तकात बघावं. अनेक अडॅप्टर पावसात वापरू नका असंच सांगतात. मोटारीचं नाक कॅराव्हॅनच्या छतरीखाली येईल असं लावणं हा त्यातला सोपा मार्ग.

पावसानंतर २२ अंश. एसीची गरज संपली. रात्रभरात चार युनिट, त्यातलं जवळपास निम्मं नुसतं मोटार जागी ठेवण्याचं. हे मात्र चुकलं : लिथियम बॅटरी रात्री दहालाच भरली होती; तेव्हाच व्हीटूएल बंद करायला हवं होतं.

दिवस चौथा : खानापूर, नंदगड, हलशी

७८ टक्क्यांवर निघून खानापूर, पुढे नंदगड. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली इथे फाशी दिलं. तिथून हलशी, कदंबांच्या काळातलं गाव. भूवराह-नरसिंहाचं देऊळ दुपारी बघावं, गर्दी नसते. साधारण पंचावन्न किलोमीटर, हलशीत ६०.

आज कालचा धडा वापरायचा. मोटार फक्त स्वयंपाकापुरती, संध्याकाळी सात ते साडेआठ. त्या दीड तासात इंडक्शन आणि मग चार्जर, दीड-पावणेदोन युनिट. नंतर अडॅप्टर आत, मोटार झोपलेली, आणि रात्र कॅराव्हॅनच्या अडीच युनिटांवर : दोन पंखे, फ्रिज, दिवे, फोन. सकाळी बॅटरीत ६८ टक्के उरले. नऊच्या उन्हाला सोलर भरायला लागतं.

मुक्काम गावात, ओळखीने मिळालेल्या अंगणात. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबू नये. परवानगी नसते आणि अस्वलं असतात.

दिवस पाचवा : जांबोटी, कणकुंबी

हलशीहून खानापूर, जांबोटी, कणकुंबी. मलप्रभा इथे उगम पावते. रस्ता चढा, जंगलातला, मधे चार्जर नाही. म्हणून आजचा नियम कडक : मोटारीतून कॅराव्हॅनला एकही युनिट नाही. ५६ वर निघून कणकुंबीत ३३ टक्के. इथून बेळगावला पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. १४-१५ टक्के पुरतात. उरलेले १८ हे चुकलेल्या वळणासाठी, बंद पडलेल्या चार्जरसाठी. पुढे चोर्ला घाटात उतरायचा मोह होतो. लांब कॅराव्हॅनला तो अरुंद, आणि वर परत येताना जे लागेल ते हिशेबात नव्हतं.

माउलीच्या देवळाजवळ चहा. एक लिटर पाणी उकळायला इंडक्शनवर ०.१ युनिट, म्हणजे १२०० वॉटवर पाच मिनिटं. हे सोलरने भरलेल्या बॅटरीतून, दीड किलोवॅटच्या छोट्या इन्व्हर्टरवर. १२ व्होल्टच्या बाजूला तेव्हा ११० अँपिअर वाहत असतात. बॅटरीच्या लग्जवर (तारा आवळायच्या टोकांवर) हात ठेवून बघितला. एक गार, एक चटका देणारा. नट पाव फेरा सैल होता. पाच दिवसांच्या खडखडाटाने सुटलेला. तेरा नंबरच्या पान्याने आवळला, आणि मग दूध घातलं.